आतड्याचा एक्झिट पोल

३८ लाख कोटी. बजेटच्या भाषणाखेरीज एवढा मोठा आकडा आपल्या कानावर सहसा पडत नाही. पण इथे रुपयांचा संबंध नाही. ७० किलो वजनाच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या, विशीतल्या पुरुषाच्या अंगात एका वेळी एवढे जिवाणू असतात, आणि त्यातले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. सेकंदाला एक या वेगाने, अन्नपाणी-झोप सोडून मोजायला बसलं तर १२ लाख वर्षं लागतील. आपली मनुष्यजात पृथ्वीवर येऊन जेमतेम ३ लाख वर्षं झाली आहेत. आणि या सगळ्या खटल्याचं एकूण वजन किती, तर सुमारे २०० ग्रॅम.

साहजिकच विचारावंसं वाटतं, की हे मोजलं कुणी? मोजलं कुणीच नाही. विष्ठेच्या चिमूटभर नमुन्यात जिवाणू किती दाटीने आहेत ते पाहायचं आणि त्याला आतड्याच्या आकारमानाने गुणायचं, असा हा हिशेब आहे. आतड्यातल्या जीवसृष्टीबद्दल, म्हणजे मायक्रोबायोमबद्दल, छापून येणारा जवळजवळ प्रत्येक चक्रावून टाकणारा आकडा असाच चिमटीतून निघालेला असतो. त्यामुळे आकडा केवढा आहे यापेक्षा चिमूट कुठली, कशी उचलली आणि वाटेत तिचं काय झालं, ही गोष्ट जास्त रंजक आहे.

एका लिटरची चूक

‘तुमच्या शरीरात तुमच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू आहेत’ हे वाक्य कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे फिरलं. त्याचं मूळ १९७२ सालच्या एका अंदाजात सापडतं. थॉमस लकी या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता : आतड्यातल्या ऐवजाच्या एका ग्रॅममध्ये १०,००० कोटी जिवाणू, आणि पचनमार्गात असा ऐवज साधारण एक लिटर. गुणाकार केला की १०० लाख कोटी. माणसाच्या पेशी तेव्हा १० लाख कोटी धरल्या जात, म्हणून दहास एक.

२०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी हे गणित पुन्हा तपासलं. ग्रॅममागे १०,००० कोटी ही दाटी साधारण बरोबर निघाली. चूक लिटरात होती. एवढी दाटी फक्त मोठ्या आतड्यात असते, आणि तिथे ऐवज असतो सुमारे ४०० मिलिलिटर. दुसरीकडे माणसाच्या पेशींचा आकडा वाढून ३० लाख कोटी झाला. गंमत म्हणजे त्यातल्या ८४ टक्के नुसत्या तांबड्या रक्तपेशी आहेत. दहास एकचं प्रमाण घसरून १.३ ला १ वर आलं.

एवढ्या निसटत्या बहुमताचं काय होतं पाहा. जगभरच्या नोंदींवरून माणसाच्या रोजच्या विष्ठेचं मध्यक वजन १२८ ग्रॅम भरतं. ग्रॅममागे सुमारे ९,००० कोटी धरले, तरी सकाळी उठून संडासला जाऊन आलं की साडेअकरा लाख कोटी जिवाणू बाहेर पडले. उरले साडेसव्वीस लाख कोटी. माणसाच्या पेशी तीस. म्हणजे काही तासांपुरते का होईना, आपण आपल्याच शरीरात बहुमतात येतो.

९७ कोटींतला पाव मतदार

आता त्या १२८ ग्रॅमांतून प्रयोगशाळेत जातं किती? घरी जी डबी देतात तिच्या झाकणालाच आतल्या बाजूने एक इवलासा चमचा जोडलेला असतो. भांड्यातलं किंवा कमोडवर ताणलेल्या कागदावरचं, पाणी आणि लघवी न लागलेलं थोडंसं त्यावर घ्यायचं, झाकण फिरवायचं, संपलं. (आपल्याकडच्या बैठकीच्या संडासात हे ‘पाणी न लागलेलं’ प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही.) त्यातलंही डीएनए काढायला घेतात साधारण २०० मिलिग्रॅम. एवढ्याशात जिवाणू असतात सुमारे २,००० कोटी. ऐकायला भरपूर वाटतं, पण आतड्यातल्या एकूण वस्तीचा हा एकोणीसशेवा भाग झाला.

मग हे २,००० कोटी एकेक करून कुणी पाहत नाही. त्यांचा डीएनए काढला जातो आणि बऱ्याच अभ्यासांत ‘१६एस’ नावाच्या जनुकाचा तुकडा वाचला जातो. हे जनुक जवळजवळ सगळ्या जिवाणूंत असतं, पण जातीजातीत थोडंथोडं वेगळं. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये सजीवांची नवी वंशावळ मांडली ती याच रेणूच्या आधाराने. जनुक सुमारे १,५०० अक्षरांचं, त्यातली अडीचशेच्या आसपास वाचली तरी कुळ ओळखता येतं. एका नमुन्यामागे असे समजा १०,००० तुकडे वाचले. ३८ लाख कोटींना १०,००० ने भागा : ३८० कोटी जिवाणूंमागे एक साक्षीदार.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशाचे मतदार होते सुमारे ९७ कोटी. याच प्रमाणात त्यांची पाहणी करायची ठरवली, तर वाट्याला एक मतदारही येत नाही. पाव मतदार येतो.

तरीही ही पद्धत चालते, कारण संख्याशास्त्राला लोकसंख्येच्या आकाराचं फारसं सोयरसुतक नसतं, नमुन्याच्या आकाराचं असतं. सगळं नीट ढवळलेलं असेल आणि एखाद्या जिवाणूकुळाचा वाटा खरोखर २० टक्के असेल, तर १०,००० वाचनांतून तो शंभरातल्या ९५ वेळा १९.२ ते २०.८ च्या दरम्यानच मिळेल. वस्ती ३८ लाख कोटींची असो की ३८ लाखांची, या उत्तरात फरक पडत नाही.

फरक पडतो तो लहान पक्षांना. दहा लाखांत एक असं प्रमाण असलेली जात घ्या. नगण्य वाटते. पण आपल्या आतड्यात तिचे ३ कोटी ८० लाख सदस्य आहेत. आणि १०,००० वाचनांत ती दिसण्याची शक्यता आहे शंभरात एक. म्हणजे शंभरातल्या ९९ वेळा अहवाल सांगणार, ही जात तुमच्यात नाही. ती नक्की आहे की नाही हे ९५ टक्के खात्रीने सांगायचं असेल, तर १०,००० नव्हे, ३० लाख वाचनं लागतील. अहवालात ‘आढळलं नाही’ असं छापलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ ‘एवढ्या वाचनांत आढळलं नाही’ एवढाच असतो.

दारातून बाहेर पडलेले मतदार

‘सगळं नीट ढवळलेलं असेल’ ही अट वर अलगद सुटून गेली. खरी मेख तीच आहे. विष्ठा तपासणं म्हणजे अक्षरशः एक्झिट पोल : दारातून जे बाहेर पडले त्यांना विचारायचं आणि आत काय घडलं ते ठरवायचं. २०२४ मध्ये लाखो मतदारांना विचारूनही एक्झिट पोल कसे आपटले ते आपण पाहिलंच. नमुना मोठा असला म्हणून तो सगळ्यांचा असतोच असं नाही.

पचनमार्ग आत शिरल्यापासून पाहत जाऊ. जठरात आम्ल एवढं, की एका मिलिलिटरमध्ये हजार ते दहा हजार जिवाणू टिकतात. लहान आतड्याच्या सुरुवातीलाही साधारण तेवढेच. त्याच्या शेवटच्या भागात ते मिलिलिटरला १० कोटींपर्यंत जातात आणि मोठ्या आतड्यात १०,००० कोटींवर. जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत दाटी एक ते दहा कोटी पटींनी वाढते. अन्नाचं बहुतेक शोषण जिथे होतं त्या लहान आतड्यातले रहिवासी विष्ठेत उतरले तरी या लोंढ्यात कुठल्या कुठे हरवतात. दाराशी उभं राहून विचारलं, तर उत्तर मोठ्या आतड्याचंच मिळणार.

आत शिरून पाहायचा जुना मार्ग म्हणजे कोलोनोस्कोपी. पण त्याआधी रेचक पाजून आतडं धुऊन काढतात. म्हणजे जनगणनेला जायचं आणि आदल्या रात्री गावात पूर सोडायचा. उरलेल्यांतून अस्तराचा चिमटाभर तुकडा घ्यायचा. तो समजा ५ चौरस मिलिमीटरचा असेल, तर मोठ्या आतड्याचा आतला पृष्ठभाग सुमारे २ चौरस मीटर आहे, म्हणजे हा चार लाखावा भाग. त्यातला डीएनएही बहुतांश माणसाचाच. तरी हा खटाटोप वाया जात नाही : वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटाने २०१८ मध्ये स्वयंसेवकांच्या आतड्यातून ठिकठिकाणचे नमुने घेतले, तेव्हा अस्तराला चिकटून राहणाऱ्यांचं चित्र विष्ठेवरून अर्धवटच कळतं असं दिसून आलं.

दुसरा मार्ग गिळायचा. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये एका कॅप्सूलचं काम प्रसिद्ध झालं. कॅप्सूलच्या आत एक चपटी केलेली पिशवी आणि तिला एकाच दिशेने उघडणारी झडप. बाहेरचं आवरण ठरावीक आम्लतेला विरघळतं. आतड्यात जसजसं पुढे जावं तसतशी आम्लता कमी होत जाते, त्यामुळे आवरण बदललं की कॅप्सूल वेगळ्या मुक्कामावर उघडते. उघडली की पिशवी फुगते, भोवतालचा रस आत ओढते आणि झडप बंद होते. पुढचा प्रवास नेहमीच्या वाटेने, आणि शेवटी ती शोधून काढायची नेहमीच्याच ठिकाणी. १५ निरोगी माणसांकडून असे २४० आतले नमुने मिळाले. ते विष्ठेपेक्षा ठळकपणे वेगळे होते. माणसं १५ च, पण जेवणखाण चालू असताना, रेचकाशिवाय, मधल्या मुक्कामांवरचा आवाज त्यांच्यामुळे ऐकता आला.

डबीत घडणारं राजकारण

एवढं करून नमुना डबीत आला, तरी तो शांत बसत नाही. आतड्यातले बहुतेक रहिवासी प्राणवायू नसलेल्या जगात वाढलेले. हवा लागली की त्यातले कित्येक माना टाकतात. उलट ई. कोलायसारखे काही जण हवेत सुखाने वाढतात. उत्तम परिस्थितीत ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे एकाचे १२ तासांत, ३६ दुपटींनंतर, ६,८०० कोटींहून जास्त. डबीत परिस्थिती एवढी उत्तम नसते, पण उन्हाळ्यात टेबलावर राहिलेल्या नमुन्यात कोण वर येणार याचा अंदाज यावरून येतो.

अमेरिकेत रॉब नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ सुरू केला. लोकांनी घरीच कापसाच्या काडीवर नमुना घ्यायचा आणि टपालात टाकायचा. २०१८ पर्यंत ११,३३६ माणसांचे १५,०९६ नमुने जमले. पण काडी टपालात राही तोवर काही जिवाणू वाटेतच माजत. शेवटी कोणत्या जाती टपालात फुगतात त्यांची यादी करून त्या आकडेवारीतून वगळाव्या लागल्या. आतड्यातला आणि टपालाच्या थैलीतला, असे दोन मायक्रोबायोम एकाच काडीवर आले होते.

म्हणून नमुना लगेच उणे ८० अंशांवर गोठवणं सगळ्यात बरं. पण तसला फ्रीज कुणाच्या घरी नसतो, आणि गडचिरोलीच्या पाड्यावर तर नाहीच नाही. त्यामुळे पर्याय शोधले गेले : डीएनए टिकवणारं द्रावण, खास कागदाची कार्डं, अल्कोहोल. नाइट यांच्याच गटाने २०१६ मध्ये असे पर्याय आठ आठवडे निरनिराळ्या तापमानांत ठेवून पाहिले. ९५ टक्के अल्कोहोलने नमुना चांगला टिकवला. ७० टक्क्यांचं त्या कामी भरवशाचं ठरलं नाही. बाटलीवरच्या लेबलातल्या २५ टक्क्यांच्या फरकाने महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात जाऊ शकते.

त्यानंतर पेशी फोडायच्या. काही जिवाणूंची भिंत पातळ, काहींची जाड आणि चिवट. नुसती रसायनं घातली तर पातळ भिंतीचे पटकन फुटतात आणि मोजले जातात, चिवट भिंतीचे शाबूत राहतात आणि यादीतून गळतात. म्हणून नळीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे बारीक मणी घालून ती यंत्रावर जोरजोरात हलवतात. मण्यांच्या माऱ्याने सगळ्यांच्याच भिंती फुटतात. हलवायचं किती वेळ, मणी कोणत्या आकाराचे, यावर निकाल बदलतो. २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने तेच ते नमुने घेऊन डीएनए काढण्याच्या २१ पद्धती शेजारी शेजारी मांडल्या. प्रयोगशाळेतल्या ज्या ज्या गोष्टी त्यांनी तपासल्या, त्यांत निकालावर सगळ्यात जास्त परिणाम डीएनए काढण्याच्या पद्धतीचाच झाला.

मतमोजणीतही गडबड आहेच. १६एस जनुकाची प्रत काही जिवाणूंत एकच असते, ई. कोलायमध्ये सात, काहींत पंधरापर्यंत. एक माणूस एक मत हा नियम इथे लागू नाही.

आणि टक्केवारीचा घोळ वेगळाच. अहवालात लिहिलेलं असतं, अमुक कुळ ३० टक्के. पण कशाचे ३० टक्के? बेल्जियममधल्या येरून रास यांच्या गटाने २०१७ मध्ये निरोगी माणसांच्या विष्ठेतले एकूण जिवाणू प्रत्यक्ष मोजले, तेव्हा माणसामाणसांत दहापटीपर्यंत फरक निघाला. दोघांच्या अहवालात तेच ‘३० टक्के’ असतील आणि एकाकडे ते जिवाणू दुसऱ्याच्या दहापट असतील. याच गटाने पुढे २० स्त्रियांचे सहा आठवडे रोज नमुने जमवले. एकूण ७१३ झाले, आणि एकाच बाईचं चित्र दिवसागणिक बरंच हलतं असं दिसलं. एका दिवसाची एक डबी म्हणजे लांबलचक सिनेमातलं एक चित्र.

ही सगळी अनागोंदी मोजायची तर आधी एक पक्की फूटपट्टी हवी. ती आता आली आहे. अमेरिकेतली वजनमापांची राष्ट्रीय संस्था ‘निस्ट’ हिने २०२५ मध्ये प्रमाणित मानवी विष्ठा उपलब्ध करून दिली. शाकाहारी आणि मिश्राहारी दात्यांकडून घेतलेली, द्रावणात एकजीव करून गोठवलेली, आठ कुप्यांचा संच. सोबत दीडशेहून अधिक जिवाणूजातींची तपशीलवार ओळख. जगातली कोणतीही प्रयोगशाळा तीच विष्ठा तपासून आपला काटा किती चुकतो ते पाहू शकते. मीटर आणि किलोच्या पंगतीला आता हाही ऐवज बसला.

कुणाचं आतडं?

एवढ्या गाळण्यांतून पार होऊनही हाती जे लागलं ते अफाट आहे. २०१० मध्ये ‘मेटाहिट’ या युरोपीय प्रकल्पाने १२४ माणसांच्या विष्ठेतून ३३ लाख वेगवेगळी जनुकं नोंदवली, माणसाच्या स्वतःच्या जनुकांच्या सुमारे दीडशेपट. २०१४ मध्ये १,२६७ नमुन्यांवरून तो आकडा ९८ लाखांवर गेला. २०२० मध्ये २,०४,९३८ जिवाणू-जनुकसंच एकत्र करून ४,६४४ जातींची यादी झाली आणि तिच्यातली प्रथिनं भरली १७ कोटींच्या वर. त्या जातींपैकी ७० टक्क्यांहून जास्त अशा, की त्यांचा एकही नमुना तोवर प्रयोगशाळेत वाढवलेला नव्हता. त्या फक्त डीएनएच्या अक्षरांतून माहीत आहेत.

पण हे आकडे कुणाच्या पोटातले? २०२२ मध्ये काही संशोधकांनी जगातल्या सार्वजनिक साठ्यांतले ४,४४,८२९ मानवी मायक्रोबायोम नमुने तपासले. ठिकाण माहीत असलेल्यांपैकी ७१ टक्क्यांहून जास्त युरोप, अमेरिका आणि कॅनडातले. एकट्या अमेरिकेचे ४६.८ टक्के, आणि तिची लोकसंख्या जगाच्या ४.३ टक्के. भारत, पाकिस्तान, बांगलादेश ज्यात येतात त्या मध्य आणि दक्षिण आशियात जगातली पाव माणसं राहतात. नमुने? १.८ टक्के.

आपल्याकडे काम झालंच नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्येच भारतीय आतड्यांच्या अभ्यासातल्या संधी आणि अडचणी मांडल्या. २०१६ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी भारतीयांचे नमुने इतर देशांतल्यांशी ताडून पाहिले, तेव्हा प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा ही दोन कुळं आपल्यात जास्त आढळली. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळातल्या ११० निरोगी माणसांवरून भारतीय जनुकसूची तयार झाली. त्याआधी, २०१८ मध्ये, देशातल्या १४ ठिकाणच्या १,००४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण १४० कोटींना १,००४ ने भागून पाहा : सुमारे १४ लाख माणसांमागे एक डबी. ज्वारीची भाकरी खाणारा, भात-आमटीवर वाढलेला, मासळीशिवाय घास न उतरणारा आणि पर्युषणात उपास करणारा, असे सगळे त्या चौदा लाखांत.

हल्ली काही हजार रुपये भरून घरबसल्या आतड्याचा अहवाल मिळतो. रंगीत तक्ते, दशांशापर्यंत टक्केवारी, कडेला शेरे. पुण्या-नाशिकच्या एखाद्याला त्यात ‘प्रिव्होटेला प्रमाणापेक्षा जास्त’ असं लिहून आलं, तर आहार बदलण्याआधी अहवाल देणाऱ्याला विचारावं : प्रमाणापेक्षा म्हणजे कुणाच्या?